तांबं आणि खडा: हाताने घडवलेले दागिने कसे सांभाळावेत

तांब्याचा दागिना काळा पडला की बहुतेक घरांत हात आधी चिंचेकडे नाहीतर लिंबाकडे जातो. पूजेच्या गडव्याला जे चालतं ते हातातल्या कड्याला का चालू नये, असा साधा हिशोब. नुसत्या तांब्याच्या कड्याला चालतंही. पण त्याच कड्यात पोवळं, मोती किंवा मॅलाकाइट (हिरव्या पट्ट्यांचा खडा) बसवलेला असेल तर पाच-दहा मिनिटांत तांबं लख्ख होतं आणि खड्याची झिलई जाते ती जातेच. तांब्याचं जे काही बिघडतं ते बहुतेक घरच्या घरी दुरुस्त होतं. खड्याचं तसं नाही. म्हणून धुवायला बसण्याआधी खडा कोणता हे बघा आणि पद्धत त्याच्यावरून ठरवा.

खडा कोणत्या जातीचा

अकीक, कार्नेलियन, जॅस्पर, स्फटिक, जांभळा ॲमेथिस्ट, गुलाबी रोझ क्वार्ट्झ आणि टायगर आय हे सगळे एकाच कुटुंबातले. कठीणपणा १ ते १० च्या मोह्स मापावर ६.५ ते ७, म्हणजे घरच्या सुरीने ओरखडा उठत नाही. पश्चिम विदर्भ काळ्या बसाल्ट खडकावर वसलेला असल्याने पावसाळ्यानंतर नाल्यात आणि वावराच्या धुऱ्यावर अकिकाचे गोटे सापडतात, ते याच जातीचे. नागपूरजवळच्या माहुरझरीला महापाषाणकाळापासून (मोठमोठे दगड रचून दफनं करत त्या काळापासून) अशा दगडांचे मणी घडवले जात होते आणि तिथल्या दफनांत तांब्याचे साजही निघाले आहेत. तांबं आणि अकीक ही जोडी इथे नवी नाही. या खड्यांना लिंबाच्या सौम्य पाण्याने काही होत नाही. उन्हाने मात्र होतं. ॲमेथिस्ट आणि रोझ क्वार्ट्झ महिनोन्‌महिने कडक उन्हात राहिले तर फिके पडतात.

दुसरा गट आंबटाला न टिकणाऱ्यांचा: मोती, पोवळं, शंख-शिंपला, मॅलाकाइट. मोती आणि पोवळं म्हणजे मुळात चुनखडीच, आणि मॅलाकाइट तांब्याचं कार्बोनेट. कठीणपणा जेमतेम ३ ते ४. आम्ल लागलं की वरचा थर विरघळतो. लाजवर्द, म्हणजे निळा लॅपिस, थोडा कठीण, ५ ते ५.५, पण त्यातल्या पांढऱ्या रेषा कॅल्साइटच्या असतात. आंबट पाण्यात त्या रेषा आधी खचतात आणि हाताला खरखर लागायला लागते.

तिसरा गट पिणाऱ्या खड्यांचा. फिरोजा सच्छिद्र असतो. तेल, घाम, अत्तर, साबणाचं पाणी आत ओढतो आणि निळ्याचा हिरवट होतो. बाजारात ‘फिरोजा’ म्हणून मिळणारे स्वस्त मणी बरेचदा निळा रंग दिलेल्या हाउलाइट या पांढऱ्या दगडाचे असतात. भडक गुलाबी किंवा निळा अकीकही बहुतेक वेळा रंगवलेलाच. तपासायचं असेल तर कानकाडीवर नेलपॉलिश रिमूव्हरचा एक थेंब घेऊन मण्याच्या भोकाजवळ, दिसणार नाही अशा जागी घासा. कापूस निळा झाला तर मणी रंगवलेला. बसवलेल्या खड्यावर हा प्रयोग करू नका, कारण रिमूव्हर डिंकही सोडवतो.

खडा ओळखता आलाच नाही तर तो मोतीच आहे असं धरून चाला. अकिकाला मोत्यासारखं जपलं तर काही नुकसान नाही.

तांबं खरं आहे का

चुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर तांब्याचा मुलामा. असा दागिना घासायचा नाही, कारण मुलामा गेल्यावर गंजच निघेल. मागच्या बाजूने किंचित घासल्यावर पिवळं दिसलं तर आत पितळ आहे.

हाताने केलेल्या दागिन्यांत आणखी एक प्रकार भेटतो, वाइंडिंगच्या तारेचा. खेड्यात बारीक तांब्याची तार सगळ्यात सहज मिळते ती मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात, आणि त्या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो. म्हणून ती वर्षानुवर्षं चकाकते. तिला लिंबू लावून काही फायदा नाही, पुसायचं फक्त साबणाच्या पाण्याने. जिथे पक्कड लागून वार्निश सोललं तिथे काळा ठिपका येतो. तो घासत बसलात तर भोवतीचं वार्निशही निघतं आणि ठिपका मोठा होतो. तसाच राहू द्या.

काळं, हिरवं, आणि अंगावरचा डाग

तांबं हवेतल्या प्राणवायूने तपकिरी होतं आणि गंधकाने काळं. घामातलं मीठ आणि आम्लं तांब्याशी मिळून हिरवे क्षार तयार होतात, मनगटावर उमटते ती हिरवी रेघ त्याचीच. ती साबणाने निघते, त्वचेला त्रास होत नाही. पण रेघ रोज उमटत असेल तर कड्याची आतली बाजू रोज थोडी झिजते आहे, म्हणजे तिथे मेण लावायची वेळ आली आहे.

आपल्याकडे तांब्याला जास्त त्रास देणाऱ्या गोष्टी तीन. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हाचा घाम ही पहिली. दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही: कूलर. बाहेर हवा कोरडी असली तरी कूलरच्या खोलीत दमट असते आणि वाऱ्यासोबत खाऱ्या पाण्याचे बारीक तुषारही येतात. कूलरच्या समोरच्या खिळ्याला टांगलेली माळ उन्हाळ्यातही हिरवी पडते ती यामुळे. तिसरी म्हणजे फवारणी. भुरी रोगासाठी किंवा कोळी किडीसाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक मारलं जातं. त्याची भुकटी तांब्यावर बसली की एका दिवसात काळपट-निळसर डाग पडतात. संत्र्याच्या बागेत १ टक्का बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक, म्हणजे १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना १०० लिटर पाण्यात, करताना अंगठी-कडं हातात असेल तर चुन्याचा शिडकावा खड्यावर पांढरा थर धरतो आणि फिरोजासारख्या खड्यात मुरतो. फवारणीच्या दिवशी दागिना घरी ठेवा. त्यात औषधाचे थेंब खड्याच्या मागच्या फटीत अडकून दिवसभर कातडीला लागत राहतात, हे जास्त वाईट.

रोजच्यासाठी एवढं पुरे: तेल, पावडर, अत्तर झालं की दागिना शेवटी घालायचा आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी काढायचा. काढल्यावर जुन्या धुतलेल्या सुती कापडाने पुसायचा, मागची बाजू आधी. हळद दळताना, चिंच फोडताना, धुणं धुताना काढून ठेवायचा. हे नेमाने केलं तर धुण्याची वेळ वर्षातून तीन-चारदाच येते.

पाणी कोणतं

पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने दागिना धुऊन तसाच वाळवला तर तांबं धुण्याआधीपेक्षा लवकर काळं पडतं. पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, तेही तारेच्या वेढ्यांच्या आत जिथे कापड पोचत नाही. इतर ठिकाणीही पाणी जड असलं की खड्यावर पांढरे ठिपके राहतात. धुवायला कोणतंही स्वच्छ पाणी घ्या, पण शेवटची विसळ आरओच्या पाण्याने, गावातल्या पाण्याच्या एटीएमचं चालेल. त्याहून चांगलं म्हणजे इन्व्हर्टरच्या किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. मात्र बाटलीवरचं नाव नीट वाचा. त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये असतं.

कठीण खड्याचा किंवा नुसत्या तांब्याचा दागिना धुणं

मीठ-लिंबाचा जुना उपाय तांबं लवकर उजळवतो हे खरं. पण मीठच मागे राहून पुढे हिरवी पूड धरतं. तारेने गुंडाळलेल्या दागिन्यासाठी मीठ नकोच. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत पुरतं.

१. काचेच्या, चिनी मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या वाटीत २०० मिली कोमट पाणी घ्या. ॲल्युमिनियमची किंवा लोखंडाची वाटी नको.

२. त्यात पातळ साबणाचे दोन थेंब टाकून दागिना ५ मिनिटं ठेवा आणि लहान मुलाच्या मऊ ब्रशने मागून-पुढून धुवा. आधी मळ आणि तेल निघालं पाहिजे. तेलाच्या थरावर लिंबूसत काम करत नाही आणि चट्टे पडतात. बहुतेक तक्रारी इथल्याच असतात.

३. दुसऱ्या वाटीत २०० मिली कोमट पाण्यात १ सपाट चमचा, साधारण ५ ग्रॅम, लिंबूसत विरघळवा. दागिना ५ ते १० मिनिटं ठेवा. काळा थर सुटून तांबं केशरीसर गुलाबी दिसायला लागलं की काढा. जास्त वेळ ठेवल्याने जास्त उजळत नाही, पृष्ठभाग खडबडीत होतो.

४. काढायला लाकडी काडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा वापरा. लोखंडी चिमटा घातला तर पाण्यात उतरलेलं तांबं चिमट्यावर चढतं. वापरलेल्या त्याच पाण्यात नंतर पितळेचा किंवा चांदीचा दागिना घालू नका. पितळेच्या कड्या आंबट पाण्यात राहिल्या की त्यातलं जस्त निघतं आणि त्या गुलाबी पडतात.

५. साध्या पाण्यात धुवा. मग २०० मिली पाण्यात १ चमचा खाण्याचा सोडा घालून त्यात ५ मिनिटं ठेवा. वेढ्यांच्या आत राहिलेलं आम्ल मारायला हे लागतंच. ही पायरी गाळली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तारेच्या फटींतून हिरवी रेघ बाहेर येते.

६. आरओच्या पाण्यात दोनदा विसळा, सुती कापडाने टिपा आणि पंख्याखाली किमान २ तास ठेवा. तारेचं काम दाट असेल तर रात्रभर. उन्हात ठेवायचं तर सकाळच्या. दुपारच्या टिनाच्या पत्र्यावर ठेवू नका. खडा चिकटवण्यासाठी वापरलेला साधा इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो आणि मे महिन्यातला पत्रा तिथपर्यंत सहज जातो.

कुठे लालसर डाग राहिला तर तो तांब्याचाच खालचा ऑक्साइड. सोड्यात थोडं पाणी घालून लपका करा आणि बोटाने चोळा. भांडी घासायच्या पावडरी दागिन्यावर नकोत. त्यांतली रेव नक्षीची धार बोथट करते आणि मऊ खड्यावर ओरखडे उठवते.

खडा बसवलेला दागिना गरम पाण्यातून थेट थंड पाण्यात टाकायचा नाही. आत बारीक तडा असेल तर तो तिथेच उघडतो.

मोती, पोवळं, मॅलाकाइट, लाजवर्द, फिरोजा

यांना बुडवणं बंद. ओलसर कापडाने खडा पुसा, लगेच कोरड्याने टिपा. फिरोजाला साबणही नको.

तांब्याचा भाग वेगळा साफ करायचा. त्यासाठी सगळ्यात सोपं साधन म्हणजे पांढरं, मऊ खोडरबर. त्याचा कोपरा कापून टोक करा आणि तारेवर एकाच दिशेने घासा. काळेपणा रबराच्या चुऱ्याबरोबर निघतो, खड्याला ओल लागत नाही. फटीतला मळ बांबूच्या काडीने काढा. काडी चाकूने तासून सपाट करा. सुई नको, ती घसरली की खड्यावर रेघ ओढते.

रबराने भागलं नाही तर कानकाडी लिंबूसताच्या पाण्यात बुडवून पिळा, फक्त तांब्याला लावा, अर्ध्या मिनिटात सोड्याच्या पाण्याच्या काडीने पुसा, मग साध्या पाण्याच्या. खड्याच्या कडेला लागून असलेला भाग सोडून द्या. तिथली काळी रेघ खड्याला उठावही देते, बरेच कारागीर ती मुद्दाम ठेवतात.

दोऱ्यात ओवलेली माळ कोणत्याही खड्याची असो, भिजवू नका. पाणी दोऱ्यातून मण्यांच्या भोकात शिरतं आणि तिथे दोन दिवस टिकतं. बाहेरून माळ कोरडी वाटते. मध्ये तांब्याचे मणी असतील तर दोरा हिरवा होऊन कुजतो आणि गर्दीत, नेमक्या लग्नात तुटतो.

हिरवी पूड परत परत येते तेव्हा

घट्ट चिकटलेला हिरवा थर आणि फिक्या हिरव्या रंगाची सुटी पूड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला थर आवडत असेल तर राहू द्या. पूड मात्र आतल्या क्लोराइडची, म्हणजे मिठाची, खूण आहे. पुसली तरी दमट हवेत पुन्हा येते आणि दरवेळी खाली खड्डा सोडते. खडा किंवा दोरा काढता येत असेल तर काढा. पूड काडीने खरवडा, दागिना डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, आठवडाभर. मग कडक वाळवून मेण लावा. महिनाभर वेगळ्या डबीत ठेवून बघा. पुन्हा पूड आली तर हेच परत. खरवडलेली पूड पोटात जाऊ देऊ नका, नंतर हात धुवा.

मेण

धुतलेलं तांबं उघडं असतं, म्हणून धुतल्यावरच ते सर्वांत लवकर काळं पडतं. त्याच दिवशी मधमाशांचं मेण लावा. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. नुसतं तांब्याचं कडं असेल तर मंद तव्यावर कापड घालून हाताला चांगलं गरम लागेपर्यंत तापवा, वरून मेणाची वडी फिरवा, वितळून पसरलं की जास्तीचं कापडाने पुसा. खड्याचा दागिना तापवायचा नाही. मेण उन्हात मऊ करा, बोटभर कापडाला लावा आणि फक्त धातूवर चोळा. १० मिनिटांनी कोरड्या कापडाने चमक येईपर्यंत घासा. रोज घातलं जाणारं कडं असेल तर उन्हाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी लावावं लागतं, कपाटातल्या दागिन्याला पावसाळ्याआधी एकदा. मेणबत्तीचं पॅराफिनही चालतं, पण ते पांढरं पडतं आणि धूळ धरतं.

खोबरेल किंवा जवसाचं तेल लावायची सवय अनेकांना आहे. दोन दिवस छान दिसतं. मग तेलातली आम्लं तांब्याशी मिळून चिकट हिरवा मळ होतो, साबणानेही लवकर न सुटणारा. पारदर्शक नेलपॉलिश कड्याच्या आतल्या बाजूला महिनाभर टिकतं, पण वाकणाऱ्या तारेवर तडकतं आणि तड्याखाली काळं जाळं दिसतं. लावायचंच असेल तर जुनं रिमूव्हरने पूर्ण काढून मगच नवं.

ठेवणं

प्रत्येक दागिना वेगळ्या, घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. एकाच डबीत टाकले तर अकीक मॅलाकाइटला ओरखडतो आणि कडं मोत्याला. पिशवीतली हवा दाबून काढा. सोबत फळ्यावरच्या खडूचा तुकडा कापडात गुंडाळून ठेवा किंवा नव्या चपलांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी. पुडीतले दाणे अधूनमधून तापवून कोरडे केल्याशिवाय पावसाळ्यात उपयोग नाही. मोती आणि ओपल मात्र सिलिका जेलजवळ नको. त्यांना थोडा ओलावा लागतो, फार कोरड्यात ओपलला तडे जातात. त्यांच्यासाठी मऊ सुती पुरचुंडी बरी.

रबर बँड, लोकरीचं कापड आणि वर्तमानपत्राचा कागद तांब्याजवळ नको. रबरात आणि लोकरीत गंधक असतं, माळेला रबर गुंडाळून ठेवलं तर तिथे काळा पट्टा उमटतो. प्लायवुडच्या नव्या कपाटात उघडा ठेवलेला दागिनाही लवकर मळतो, कारण त्यातून आम्लाची वाफ निघत असते.

तार, दोरा, डिंक

तार सैल झाली की खडा हलतो. सपाट तोंडाच्या पक्कडीला कापड गुंडाळा आणि वेढा हळू दाबा. तीच जागा पुन्हा पुन्हा वाकवू नका. तांबं वाकवलं की कडक होतं आणि वाकवत राहिलं तर तुटतं. खडा नसलेली, वार्निश नसलेली तार गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकली की पुन्हा मऊ होते. पाण्यात टाकल्याने तांबं लोखंडासारखं कडक होत नाही. लहान खड्याच्या गुंडाळणीला ०.५ मिमी, कड्याच्या सांगाड्याला १ मिमी तार साधारण पुरते. तारेचं टोक साडीच्या किंवा ओढणीच्या धाग्यात अडकत असेल तर कानसाने गोल करून आत वळवा.

रोज घातली जाणारी माळ वर्षातून एकदा पुन्हा ओवून घ्या, प्रत्येक मण्यानंतर गाठ मारून. गाठ असली तर दोरा तुटला तरी एकच मणी जातो. निघालेला खडा झटपट डिंकाने चिकटवू नका, तो ठिसूळ होऊन घामाने सुटतो. दोन नळ्यांचा इपॉक्सी सारख्या प्रमाणात घ्या, बैठक रिमूव्हरने पुसा, चिकटवून २४ तास हलवू नका.

मुद्दाम काळा केलेला दागिना चुकून उजळला तर

नक्षीच्या खोबणी काळ्या ठेवलेल्या कामाला लिंबूसत लागलं की सगळं एकसारखं गुलाबी होतं आणि नक्षी हरवते. घरी काळेपणा परत आणता येतो, कठीण खडा असेल तरच. अंडं १२ मिनिटं उकडा, सोलून गरम असतानाच चार फाका करा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. साबणाने धुऊन पूर्ण कोरडा केलेला दागिना त्याच डब्यात छोट्या वाटीत ठेवा, अंड्याला टेकू देऊ नका. अंड्यातून निघणाऱ्या गंधकाच्या वायूने तासा-दोन तासांत तांबं तपकिरी, मग काळपट होतं. दर अर्ध्या तासाने झाकण उघडून बघा, हवा त्याहून एक छटा फिका असताना काढा. साध्या पाण्याने धुवा, वाळवा, उंचवटे पांढऱ्या खोडरबराने उजळवा, खोबणी सोडून द्या, आणि वर मेण लावा. ते अंडं खायचं नाही, डबाही पुन्हा खाण्यापिण्यासाठी वापरायचा नाही.